चार्टच्या आत चार्ट: अल्टेअरमध्ये पावसाचं पान कसं मांडायचं

साताऱ्यात पावसाळा सुरू झाला की रोजच्या वर्तमानपत्रात कोयना, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणचा पाऊस आणि कोयना धरणाचा साठा छापून येतो. मी पाणलोटाच्या कामात आहे. हे आकडे जिल्ह्यातल्या अकराही तालुक्यांच्या पावसासोबत एका पानावर मांडून गावोगावच्या कार्यकर्त्यांना पाठवायचं, हे माझं पावसाळ्यातलं ठरलेलं काम. डावीकडे वर नवजाच्या रोजच्या पावसाच्या पट्ट्या, त्याखाली धरणाचा साठा आणि उजवीकडे अकरा तालुक्यांचे अकरा छोटे चार्ट, असं ते पान असतं. मी ते पायथॉनमधल्या अल्टेअर या लायब्ररीत करते. सुटा चार्ट काढणं बहुतेकांना लवकर जमतं, अडतं ते एकात एक बसवताना. म्हणून इथे फक्त त्या बसवण्याबद्दल लिहिते आहे. पट्टी कशी काढायची, रंग कसा द्यायचा हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

अल्टेअरच का, याचं माझ्यापुरतं कारण मराठी अक्षरं हे आहे. मॅटप्लॉटलिब या पायथॉनच्या दुसऱ्या चार्ट-लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी लेबल दिलं की ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाते, जोडाक्षरं तुटतात. अल्टेअर स्वतः काहीच रंगवत नाही. तो व्हेगा-लाइट नावाच्या भाषेत चार्टचं वर्णन लिहितो आणि रंगवण्याचं काम ब्राउझर करतो. ब्राउझरला ‘महाबळेश्वर’ नीट लिहिता येतं, त्यामुळे चार्टलाही येतं. दुसरं कारण घडणीचं. व्हेगा-लाइट सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने उभी केली आणि तिच्यात चार्ट जोडण्याचे नियम व्याकरणासारखे बसवलेले आहेत. जोडून जे तयार होतं तोही चार्टच असतो, म्हणजे तो पुन्हा दुसऱ्याला जोडता येतो. एकात एक बसवणं शक्य होतं ते यामुळेच.

हातात स्वतःच्या नोंदी नसतील तर व्हेगाच्या नमुना-संचात सिअ‍ॅटलच्या हवामानाची फाइल आहे. २०१२ ते २०१५ या चार वर्षांच्या रोजच्या नोंदी, १,४६१ ओळी. तिच्यावर सगळं करून बघता येतं. फक्त तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि जुलै-ऑगस्ट कोरडे जातात, तेव्हा चार्ट उलटा आला असं वाटून घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट. कोणता चार्ट कुठे बसवायचा हे पान कसं दिसेल यावरून ठरवायचं नाही. वाचणाऱ्याने कोणते दोन आकडे ताडून पाहावेत असं तुम्हाला वाटतं, त्यावरून ठरवायचं. मी आधी कागदावर प्रश्न लिहिते. ‘नवजाला आज पडलेला पाऊस मुसळधारच्या हद्दीत गेला का?’ यात पट्टी आणि हद्द एकाच अक्षावर वाचायची आहे, म्हणून त्या दोन्ही एकमेकांवर थर म्हणून जातील. ‘एवढा पाऊस पडला, मग धरण किती चढलं?’ इथे तारीख एक आहे पण मापं वेगळी, एक मिलिमीटरमध्ये आणि दुसरं टीएमसीत, म्हणून चार्ट वर-खाली. ‘कोणत्या तालुक्यात सरासरी गाठली?’ हे एकच चित्र अकरा वेळा हवं आहे, म्हणून फॅसेट, म्हणजे तक्त्याचे गट पाडून प्रत्येक गटाचा तसाच छोटा चार्ट. आणि धरणाची गोष्ट व तालुक्यांची गोष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या शेजारी-शेजारी. प्रश्न असे लिहून झाले की मांडणी जवळजवळ ठरलेलीच असते.

अल्टेअरमध्ये यासाठी तीन चिन्हं आहेत. बेरजेच्या चिन्हाने (+) थर पडतो, उभ्या रेघेने (|) चार्ट शेजारी येतो आणि अँपरसँडने खाली जातो. यांची लांब नावं अनुक्रमे लेयर, एचकॉन्कॅट आणि व्हीकॉन्कॅट. फॅसेटला चिन्ह नाही, ती चार्टच्या मागे टिंब देऊन बोलवायची. रिपीट म्हणून आणखी एक प्रकार आहे, एकाच तक्त्याचे वेगवेगळे स्तंभ आळीपाळीने अक्षावर घ्यायचे असतील तर. मला तो फारसा लागत नाही.

पायथॉन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीत चालतात, आणि मांडणीच्या ओळी लिहिताना मी ती सवय मुद्दाम ठेवली आहे. माझ्या पानाचा सांगाडा असा:

पाऊस = पट्ट्या + हद्दरेषा
धरण = पाऊस & साठा
पान = धरण | तालुके

फाइलचा सगळ्यात महत्त्वाचा भाग या तीन ओळींत आहे. प्रत्येक सुटा चार्ट वर कुठेतरी स्वतंत्र तयार झालेला असतो, त्याला नाव असतं, आणि मांडणी शेवटी एका जागी असते. चार्ट तयार करता करताच जोडत गेलात तर पुढे काही हलवायचं म्हटलं की सगळी फाइल उसवावी लागते.

एक-एक ओळ घेऊ.

पहिली ओळ थराची. थरात जो आधी लिहिला तो तळाला जातो, नंतरचा त्याच्यावर रंगतो. हद्दरेषा पट्ट्यांवरून दिसायला हवी, म्हणून ती नंतर. हवामान खात्याच्या हद्दी ठरलेल्या आहेत: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार (म्हणजे मुसळधार), ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. या हद्दी एका केंद्रावरच्या पावसाला लागू होतात, म्हणून मी तीन ठिकाणांची सरासरी न काढता एकट्या नवजाच्या पट्ट्या घेते. सरासरीवर ही रेघ ओढली तर चित्र चांगलं दिसेल, पण त्याला अर्थ राहणार नाही.

थरांना रुंदी आणि उंची एकदाच द्या. दोन थरांना वेगवेगळी रुंदी दिली तर अल्टेअर तिथेच थांबतो आणि मापं जुळत नाहीत असं सांगतो. ते बरोबरच आहे, कारण थर म्हणजे एकाच चौकटीत काढलेली दोन चित्रं. रेषेसाठी एक बारकावा आहे. हद्दीचा आकडा सरळ अक्षाला डेटम (स्तंभाचं नाव नव्हे, ठरावीक मूल्य) म्हणून देता येतो, पण त्या थराला मोठा तक्ता चिकटलेला असेल तर तक्त्यात जितक्या ओळी तितक्या रेषा एकावर एक रंगतात. रेघ जाड आणि काळपट दिसू लागली की कारण हे असतं. यावर दोन उपाय आहेत. रेषेच्या थराला तीन ओळींचा स्वतःचा छोटा तक्ता द्या, म्हणजे तिन्ही हद्दी एकदम येतील. नाहीतर हद्द तक्त्यातच एक स्तंभ म्हणून घालून तिची सरासरी अक्षावर घ्या, म्हणजे एकच रेघ उरते. दुसरा उपाय फॅसेटमध्ये उपयोगी पडतो, तो का ते पुढे येईल.

पट्ट्यांच्या बाबतीत तारखेच्या अक्षाला टाइम युनिट लावायला विसरू नका, वर्ष-महिना-दिवस असं. ते नसेल तर प्रत्येक पट्टी ठरावीक पिक्सेलांची बारीक काडी होते. लावलं तर पट्टी दिवसाची पूर्ण जागा घेते.

दुसरी ओळ, पाऊस आणि साठा. इथे बहुतेकांचा हात दोन उभे अक्ष असलेल्या एकाच चार्टकडे जातो: डावीकडे मिलिमीटर, उजवीकडे टीएमसी. अल्टेअरमध्ये ते होतं. थर टाकून रिझॉल्व्ह स्केलमध्ये उभा अक्ष ‘इंडिपेंडंट’ करायचा. स्केल म्हणजे अक्षावरची मोजपट्टी, आणि ती चार्टांत सामाईक की स्वतंत्र हे रिझॉल्व्ह स्केल ठरवतं. मी ते करत नाही आणि तुम्हीही करू नये असं मला मनापासून वाटतं. त्या चित्रात साठ्याची रेघ पावसाच्या पट्टीला जिथे छेदते, तिथे काहीतरी घडलं असं वाचणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात तो छेद मी अक्षाचं टोक कुठे ठेवलं त्यावर ठरलेला असतो. टोक बदललं की छेद सरकतो. वर-खाली दोन चार्ट ठेवले तर डोळा तारखेवरून सरळ खाली उतरतो: इथे तीन दिवस झोडपलं, इथून साठ्याची रेघ चढायला लागली. कोयनेची पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. साठ्याच्या चार्टचा उभा अक्ष मी शून्यापासून तिथपर्यंत कायम बांधून ठेवते, म्हणजे दर आठवड्याच्या पानावर रेघेची उंची तोच अर्थ सांगते. पावसाचा अक्ष मात्र मी उलटा करते, स्केलला रिव्हर्स लावून. पट्ट्या वरून लोंबतात, साठा खालून चढतो. पाण्याच्या कामातले लोक असे चार्ट पूर्वीपासून काढत आले आहेत आणि पहिल्यांदा बघणाऱ्यालाही ते लगेच कळतात.

वर-खाली ठेवल्याने तारखा आपोआप जुळत नाहीत. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण बसवण्यातल्या निम्म्या अडचणी इथूनच निघतात. स्केल कोणाचं सामाईक आणि कोणाचं स्वतंत्र, याचे अल्टेअरचे आधीच ठरलेले नियम आहेत. थरात आणि फॅसेटमध्ये सगळं सामाईक धरलं जातं. शेजारी किंवा खाली जोडलेल्या चार्टांत आडवा आणि उभा अक्ष स्वतंत्र, पण रंग, आकार वगैरे सामाईक. म्हणजे पावसाच्या नोंदी १ जूनपासून आणि साठ्याच्या १५ जूनपासून असतील तर दोन चार्टांतला १ जुलै वेगवेगळ्या जागी पडेल, आणि वरून खाली उतरणारा डोळा चुकीच्या दिवसावर जाईल. म्हणून जोडल्यावर रिझॉल्व्ह स्केलमध्ये आडवा अक्ष ‘शेअर्ड’ करायचा.

तो कुठे लिहायचा यालाही महत्त्व आहे. पायथॉनमध्ये टिंब सगळ्यात घट्ट चिकटतं. ‘पाऊस & साठा’ लिहून लगेच टिंब देऊन रिझॉल्व्ह लावलात तर तो एकट्या साठ्याला लागतो, जोडीला नाही. आधी कंसात जोडी, मग कंसाबाहेर टिंब:

धरण = (पाऊस & साठा).resolve…

इथे टिंबापुढे इंग्रजी नाव येणारच, ते लायब्ररीचं आहे. सांगायचा मुद्दा कंसाचा. शेअर्डचा हुकूम ज्या कंसाला लावला त्याच्या आतल्यांनाच चालतो. बाहेरच्या कंसाला, म्हणजे अख्ख्या पानाला लावलात तर तालुक्यांचे चार्टही त्याच तारखांत ओढले जातील. माझ्या पानावर तालुक्यांचा पाऊस जून ते सप्टेंबर असतो आणि धरणाचा साठा मी ऑक्टोबरपर्यंत दाखवते, त्यामुळे तसं झालेलं मला चालत नाही. जे एकत्र वाचायचं त्याच्या सगळ्यात जवळच्या कंसाला शेअर्ड लावा.

स्केल सामाईक झालं तरी अक्ष स्वतः दोनदाच काढला जातो. जोडलेल्या चार्टांत अक्ष सामाईक ठेवायची सोय नाही. म्हणून वरच्या चार्टच्या तारखांची लेबलं आणि शीर्षक आपल्या हाताने बंद करायचं आणि मधलं अंतर कमी करायचं. हे अंतर न सांगता २० पिक्सेल असतं. मी आतल्या जोडीत ते निम्म्यावर आणते, म्हणजे दोन चार्ट मिळून एक चित्र आहे हे दिसतं, आणि बाहेरच्या जोडीत वाढवते, म्हणजे धरण आणि तालुके वेगळे दिसतात.

अक्ष जुळवताना नोंदीची वेळही तपासा. हवामान खात्याचा दिवसाचा पाऊस म्हणजे सकाळी साडेआठला संपणारे २४ तास. १२ जुलैची पट्टी ही खरंतर ११ जुलैच्या सकाळपासूनच्या पावसाची. साठ्याचा आकडा कोणत्या वेळचा आहे ते बघितल्याशिवाय ‘पावसानंतर दुसऱ्या दिवशी साठा वाढला’ असं पानावर लिहू नका.

आता तालुके, ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

प्रत्येक छोट्या चार्टमध्ये दोन रेघा आहेत: यंदाची जूनपासूनची बेरीज आणि दीर्घकालीन सरासरीची बेरीज. दोन रेघा म्हणजे थर आणि अकरा तालुके म्हणजे फॅसेट. क्रम मोडता येत नाही: आधी थर, मग फॅसेट. फॅसेट केलेल्या चार्टवर दुसरा थर टाकायला गेलात तर अल्टेअर नकार देतो, आणि तसा नकार देताना आधी थर टाका असंही सांगतो. शेजारी जोडलेल्या चार्टांवरही थर पडत नाही. शिवाय फॅसेटला तक्ता सगळ्यात वर, एकच लागतो. एका थराचा तक्ता वेगळा आणि दुसऱ्याचा वेगळा असेल तर कोणत्या ओळी कोणत्या तालुक्याच्या हे त्याला वाटून देता येत नाही. मघाशी हद्द स्तंभ म्हणून घालण्याचा उपाय सांगितला तो यासाठी. सरासरीही मी वेगळ्या फाइलमधून आणून पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीतच तालुका आणि तारखेवर जोडून घेते, म्हणजे अल्टेअरच्या हाती एकच तक्ता जातो: तालुका, तारीख, बेरीज, सरासरी. स्तंभांच्या नावांत टिंब, विसर्गासारखं दोन टिंबांचं चिन्ह आणि चौकटी कंस नकोत. अल्टेअरच्या दृष्टीने त्यांना खास अर्थ आहे आणि चार्ट न कुरकुरता रिकामा येतो.

तालुक्यांचा क्रम सांगितला नाही तर तो अकारविल्हे लागतो, आणि कराडच्या शेजारी कोरेगाव, खटाव असं काहीतरी होतं. मी यादी देऊन घाटमाथ्याकडून दुष्काळी पट्ट्याकडे असा क्रम लावते: महाबळेश्वर, जावळी, पाटण, वाई, सातारा, कराड, खंडाळा, कोरेगाव, खटाव, फलटण, माण. चार स्तंभ केले की ओळी होतात ४, ४ आणि ३. पहिल्या ओळीत सह्याद्रीचा पाऊस आणि शेवटच्या ओळीत पर्जन्यछायेचा भाग, असा जिल्ह्याचा उतार पानावरच दिसतो.

आणि आता स्केल. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माणमध्ये पाचशेच्या आसपास. फॅसेट न सांगता उभं स्केल सामाईक ठेवते. माझे छोटे चार्ट १२० पिक्सेल उंच आहेत. महाबळेश्वरची रेघ माथ्याला टेकली की माणची रेघ जेमतेम १२ पिक्सेल चढते. माणमधल्या म्हसवडच्या कार्यकर्त्याला त्या चित्रात स्वतःचा तालुका जमिनीला चिकटलेला दिसतो, आणि यंदा सरासरी गाठली की नाही हे त्याला अजिबात कळत नाही. मग पहिली सुचणारी गोष्ट म्हणजे उभा अक्ष इंडिपेंडंट करणं. तसं केलं की अकरा रेघा सारख्याच दिमाखाने वर चढतात. माण महाबळेश्वरसारखा दिसायला लागतो. प्रत्येक चार्टला आपापला अक्ष येतो, त्यावरचे आकडे वेगळे असतात हे खरं, पण एवढ्या छोट्या चार्टमधले अक्षांचे आकडे वाचतो कोण? वाचणारा रेघेची उंचीच बघतो. टँकरचा प्रस्ताव करणाऱ्या माणसापुढे मी असं पान ठेवू शकत नाही.

मी करते ते असं. फॅसेटचं स्केल सामाईकच ठेवते, आकडा बदलते. मिलिमीटरऐवजी प्रत्येक तालुक्याच्या स्वतःच्या हंगामी सरासरीच्या किती टक्के पाऊस झाला, ते उभ्या अक्षावर घेते. मग महाबळेश्वर आणि माण दोघांचीही मजल शंभरपर्यंत असते, माण साठ टक्क्यांवर अडकला असेल तर ते साठ टक्के खरोखर साठच दिसतात आणि तुलना करता येते. मिलिमीटरचा एकूण आकडा मी चार्टच्या कोपऱ्यात अक्षरांत लिहिते, तोही एक थर म्हणूनच. जिल्ह्यातली विषमता हाच विषय असेल तेव्हा मात्र मिलिमीटर आणि सामाईक स्केल घ्यावं आणि माणची रेघ जमिनीलगत दिसू द्यावी, कारण तेव्हा सांगायचं तेच असतं. इंडिपेंडंट अक्ष मी फक्त पाऊस कधी सुरू झाला, कधी खंड पडला हे बघायला वापरते, तेही स्वतःपुरतं.

रंगाचं स्केल जोडलेल्या चार्टांत न सांगता सामाईक असतं हे वर आलंच. त्याचा त्रास असा की धरणाच्या चार्टमध्ये रंग हद्दींना दिलेला असेल आणि तालुक्यांत ‘यंदा’ व ‘सरासरी’ला, तर लेजेंडमध्ये, म्हणजे रंगांच्या सूचीत, सगळी नावं एकत्र येतात आणि रंगही वाटून घेतले जातात. बाहेरच्या जोडीला रिझॉल्व्ह स्केलमध्ये रंग इंडिपेंडंट केला की दोन लेजेंड वेगळी होतात. इथे इंडिपेंडंटने कोणाची दिशाभूल होत नाही.

तिसरी ओळ, धरण आणि तालुके शेजारी. पायथॉन आधी + सोडवतो, मग &, मग |. त्यामुळे ‘पाऊस & साठा | तालुके’ हे कंसाशिवायही बरोबर येतं. पण पानाच्या माथ्यावर शीर्षकासारखी आडवी पट्टी हवी असेल आणि तुम्ही ‘पट्टी & धरण | तालुके’ लिहिलंत तर ती पट्टी फक्त धरणाच्या डोक्यावर बसेल. हवं असतं ते हे:

पान = पट्टी & (धरण | तालुके)

कंस लागत नसले तरी लिहा. सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला मांडणी कंसांवरूनच दिसते.

मापांचं गणित कागदावर आधी करून घ्या, कारण जोडलेल्या चार्टला रुंदी किंवा उंची देता येत नाही, ती आतल्या प्रत्येकाला द्यावी लागते. जोडीला रुंदी द्यायला गेलात तर असा गुणधर्म इथे चालत नाही अशी लांबलचक चूक येते. फॅसेटमध्ये दिलेली रुंदी एका छोट्या चार्टची असते, सगळ्यांची मिळून नाही. आणि ही मापं अक्षांच्या आतल्या चौकटीची आहेत. आकडे, शीर्षक, लेजेंड त्याच्या बाहेर. माझं गणित असं: उजवीकडे ११० रुंदीचे चार चार्ट आणि मधली २० ची तीन अंतरं, म्हणजे ५००. उंची १२० च्या तीन ओळी आणि २० ची दोन अंतरं, म्हणजे ४००. डावीकडे पाऊस आणि साठा मिळून तेवढीच उंची हवी. अंतर १० ठेवलं तर दोघांना १९५-१९५ येतात. तालुक्यांच्या नावांच्या ओळीमुळे उजवी बाजू थोडी खाली सरकते, तेवढी साठ्याच्या चार्टची उंची वाढवते. आतल्या कंसातले चार्ट बाहेरच्या कंसातल्या चार्टांशी अक्ष जुळवून बसत नाहीत, प्रत्येक पातळी आपल्यापुरतं बघते. त्यामुळे हे शेवटचे चार-आठ पिक्सेल हातानेच साधावे लागतात. पावसाच्या आणि साठ्याच्या उभ्या अक्षांची शीर्षकं एका रेषेत यावीत म्हणून दोन्हींना एकच मिन एक्स्टेंट (अक्षाच्या लेबलांसाठी राखलेली किमान जागा) देते. ‘१००’ आणि ‘२५०.०’ अशी लेबलं कमी-जास्त रुंद असली तरी शीर्षकं सरकत नाहीत.

सजावट, म्हणजे फॉन्ट, जाळीच्या रेघा, पार्श्वभूमी, ही सगळ्यात बाहेरच्या चार्टलाच लावा. आतल्या चार्टला कॉन्फिगर लावून मग जोडायला गेलात की अल्टेअर अडवतो. सुटा चार्ट बघताना सजावट लागतेच, म्हणून मी ती थीममध्ये ठेवते. मग ती सुट्यालाही लागते, पानालाही, आणि जोडताना आड येत नाही. मराठी आकडे हवे असतील तर रेंडररच्या एम्बेड पर्यायांत फॉरमॅट लोकेल द्या. त्यात दहा अंकांची यादी देता येते, शिवाय स्वल्पविराम तीन-दोन-दोन असा लावता येतो, म्हणजे लाख लाखासारखा दिसतो. महिन्यांची नावं टाइम फॉरमॅट लोकेलमध्ये. वेबवरून येणारा फॉन्ट वापरत असाल तर तो उतरून येण्याआधी चार्ट मांडला जाणार नाही हे बघा. लेबलांची रुंदी मांडताना मोजली जाते, आणि नंतर फॉन्ट बदलला की ‘महाबळेश्वर’ शेजारच्या चार्टवर चढतं.

ओळींची मर्यादाही लक्षात असू द्या. अल्टेअर न सांगता ५,००० ओळींपर्यंतच तक्ता घेतो. अकरा तालुक्यांचं एक वर्ष म्हणजे ४,०१५ ओळी, ते बसतं. दुसरं वर्ष जोडलं की अडतं. मर्यादा उठवण्यापेक्षा तक्ता आधीच हंगामापुरता कापा. जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस घेतले तर अकरा तालुक्यांच्या १,३४२ ओळीच होतात. खरंच मोठा तक्ता हवा असेल तर तो फाइल म्हणून ठेवून चार्टला पत्ता द्या.

काही बिघडलं तर बाहेरून आत या. पान येत नसेल तर धरण एकटं दाखवून बघा, मग पाऊस एकटा, मग पट्ट्या. दिसतंय पण चुकीचं दिसतंय, अशा वेळी चार्टच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर टिचकी मारून व्हेगा एडिटरमध्ये उघडा. तिथे जेसनमध्ये, म्हणजे चार्टच्या मजकुरी वर्णनात, तुमचे कंस जसेच्या तसे दिसतात: एचकॉन्कॅटच्या आत व्हीकॉन्कॅट, त्याच्या आत लेयर. रिझॉल्व्ह भलत्याच पातळीवर लागला असेल तर तो तिथे लगेच नजरेला येतो. एडिटरमध्येच तो इकडचा तिकडे करून बघा आणि मग पायथॉनमध्ये दुरुस्त करा.

शेवटचं काम फोनचं. रुंदी ‘कंटेनर’ दिली की चार्ट पडद्याप्रमाणे ताणतो, पण हे सुट्या आणि थरांच्या चार्टला लागू आहे, जोडलेल्यांना नाही. म्हणून मी एकाच फाइलमधून दोन पानं काढते:

मोठं_पान = धरण | तालुके
फोनचं_पान = धरण & तालुके

फोनसाठीच्या तालुक्यांत चारऐवजी दोन स्तंभ करते आणि त्याचा पीएनजी स्केल फॅक्टर दोन ठेवून साठवते, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर मोठा करून बघितला तरी अक्षरं फाटत नाहीत. एसव्हीजी पाठवत नाही. त्यात मजकूर मजकूरच राहतो आणि समोरच्या फोनवर तो फॉन्ट नसेल तर सगळी मापं हलतात. पाठवण्याआधी माणचा चार्ट फोनवर उघडून बघते. तो न ताणता वाचता आला की बाकीचे दहा वाचता येतातच.